डोलोमाइट्सची ड्राइव्ह आणि बोल्झानोचं जुनं शहर: या चुका टाळा

उत्तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतरांगांतून बोल्झानोहून कोर्तिनापर्यंत जाणारा जुना डोलोमाइट रस्ता जेमतेम 110 किलोमीटरचा, 1909 मध्ये पूर्ण झालेला. वरंधा किंवा ताम्हिणी चालवलेल्या माणसाला त्याची वळणं भारी पडत नाहीत. आपली माणसं अडकतात ती खाली, सपाटीवर, जुन्या शहराच्या तोंडाशी.

सगळ्यात महाग चूक म्हणजे भाड्याची गाडी थेट जुन्या पेठेत घालणं. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. लाल कडेचा पांढरा गोल दिसतो, पण नाका नाही की शिट्टी मारणारा हवालदार नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि तुम्ही आनंदात पुढे जाता. कित्येक महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते, आणि गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे कापते. पाटीवर ‘वार्को आत्तिवो’ असेल तर कॅमेरा चालू आहे, असं समजा. गूगल मॅप्सवर विसंबू नका.

चुकून आत शिरलातच, तर घाबरून गोल-गोल फिरू नका. प्रत्येक कॅमेऱ्याचा दंड वेगळा लागू शकतो. हॉटेल आतच असेल तर पोचल्या पोचल्या रिसेप्शनला गाडीचा नंबर द्या. बऱ्याच ठिकाणी ते तो नोंदवून देतात. खरं तर हे बुकिंग करतानाच विचारायचं.

बोल्झानोत गाडी आत न्यायची गरजही नाही. मधल्या वॉल्थर चौकाखाली भुयारी पार्किंग आहे, आणि तिथून लाउबेनची कमानींची बाजारपेठ पायी दोन मिनिटांवर. रस्त्यावर लावणार असाल तर निळी रेघ म्हणजे पैसे भरून पार्किंग, पिवळी म्हणजे राखीव. तिच्या वाटेला जाऊ नका.

जीपीएसमध्ये गाव सापडत नाही, ही तक्रारही नेहमीची. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला, म्हणून प्रत्येक गावाला दोन नावं: बोल्झानो तेच बोत्सेन, ब्रेसानोने तेच ब्रिक्सन. दोन्ही लिहून ठेवा.

ओत्सी, म्हणजे 1991 मध्ये हिमनदीत सापडलेला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस, इथल्याच संग्रहालयात आहे. एरवी सोमवारी ते बंद असतं. नेमका तोच दिवस शहरासाठी ठेवणारे कमी नाहीत. रविवारी दुकानंही बहुतेक बंद, तेव्हा शहर आठवड्याच्या मधल्या दिवशी बघा आणि रविवार घाटासाठी ठेवा.

आता घाट. पोर्दोई खिंड 2,239 मीटरवर. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवला की जळका वास येतो. मग जागा बघून थांबा, चाकं निवू द्या, आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकलाही मॅन्युअल मोड असतो. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम तिथेही आहे. मागे स्थानिकांची रांग लागली तर बाजूला घेऊन जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी आरटीओतून काढा, तिथे पोचल्यावर तो मिळत नाही. आणि गाडी ऑस्ट्रियात न्यायची असेल तर करारात ते लिहून घ्या. सीमेवरची ब्रेनर खिंड ओलांडली की इन्सब्रुकपर्यंतच्या महामार्गाला त्या टप्प्याचा वेगळा टोल, आणि पुढच्या महामार्गांना विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतो.