स्तोत्रे गाताना या चुका टाळा

अँग्लिकन चँटमध्ये, म्हणजे एका छोट्या चालीवर चार आवाजांत बोलण्याच्या लयीने, बायबलमधील स्तोत्रे गाणाऱ्या गायकवृंदाचे कुठे बिघडते असे विचारले, तर बहुतेक जण सुराकडे बोट दाखवतात. मला मात्र दोष बहुधा वचनाच्या, म्हणजे स्तोत्रातल्या एका क्रमांकित ओळीच्या, मधल्या विरामात सापडतो. हिब्रू स्तोत्रे यमकावर उभी नाहीत. एक विचार मांडायचा आणि तोच दुसऱ्या अंगाने पुन्हा सांगायचा, किंवा पुढे न्यायचा, अशी त्यांची घडण आहे. म्हणूनच इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात वचनाच्या मध्ये अपूर्णविराम दिसतो आणि चँटही तिथेच दुभंगते: एका वचनाला पुरणाऱ्या एकेरी चँटमध्ये पूर्वार्धाला तीन बार (स्वरलेखनातले खंड), उत्तरार्धाला चार. तो विराम गिळला की दोन्ही अर्धे एकमेकांवर आदळतात. सर्वांनी तिथे एकत्र श्वास घ्यावा. दगडी, घुमणाऱ्या चर्चमध्ये आधीचा नाद विरेपर्यंत थांबावे, लहान सभागृहात मात्र एका श्वासापुरतेच, कारण तिथे लांबलेली शांतता गाणे अडखळल्यासारखी वाटते.

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे. प्रत्येक अर्ध्याच्या आरंभीच्या सुरावर कितीही शब्द म्हणायचे असतात. गायक ते भरभर उरकतात आणि शेवटचे काही सूर ठोके दिल्यासारखे तालात म्हणतात. त्यामुळे शब्द कोणताही असो, वजन मात्र नेहमी शेवटच्या सुरांवर पडते. यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो: आधी सर्वांनी मिळून वचन बोलण्याच्या गतीने मोठ्याने वाचावे, मग तेच एका सुरावर म्हणावे आणि त्यानंतरच चारही आवाजांत गावे. वाचताना जी गती होती, तीच शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

सूर कोणत्या अक्षरावर बदलायचा याच्या खुणा प्रत्येक स्तोत्रपुस्तकात सारख्या नसतात. एकाच बाकावर दोन वेगळी पुस्तके असतील, तर गोंधळ अटळ आहे. दुहेरी चँट दोन वचनांना पुरते; १२२ व्या स्तोत्रात नऊ वचने असल्याने एका वचनासाठी चँटचा केवळ दुसरा अर्धा भाग घ्यावा लागतो. तो कुठे घ्यायचा हे अर्थ पाहून आधीच ठरवावे आणि पेन्सिलने लिहून ठेवावे.

लॅटिन रचना निवडताना क्रमांक तपासावेत. लॅटिन बायबलमध्ये नववे आणि दहावे स्तोत्र एकत्र असल्याने पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे जातात. मराठी बायबलमधील ५१ वे स्तोत्र तिथे ५० वे ठरते. संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या १९३० च्या ‘सिम्फनी ऑफ साम्स’मधील ३८ आणि ३९ म्हणजे आपली ३९ आणि ४०, शेवटचे १५० मात्र दोन्हीकडे एकच आहे. कार्यक्रमपत्रिकेत चुकीचे भाषांतर छापले जाते ते बहुधा यामुळेच.

त्याच ५१ व्या, पश्चात्तापाच्या स्तोत्रावरचे संगीतकार अल्लेग्रीचे ‘मिझेरेरे’ अनेकांना सोप्रानोच्या, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या, अतिउंच सुरासाठी गावेसे वाटते. तो सूर मूळ रचनेत नाही. तो नंतरच्या काळात नकलांच्या आणि संपादनाच्या गोंधळातून आला. तो गाऊ नये असे मी म्हणणार नाही, पण तालमीचा सारा वेळ त्याच्यावर घालवू नये. व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलसाठी लिहिलेल्या या रचनेत पाच आवाजांचा एक आणि चार आवाजांचा दुसरा वृंद आळीपाळीने गातात, मधली वचने साध्या एकसुरी पठणात येतात आणि अखेरीस दोन्ही वृंद एकत्र होतात. वेळ वाचवण्यासाठी ही पठणाची वचने गाळली, तर पश्चात्तापाचे अर्धे शब्दच नाहीसे होतात. वेळच कमी असेल, तर दुसरे स्तोत्र घ्यावे. ११७ वे अवघ्या दोन वचनांचे आहे.