सुट्ट्यांचा हिशोब : दुकानदार, ऑफिसवाले, छोट्या कंपन्यांनो, या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की बऱ्याच ऑफिसांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. अकाउंटवाला एक्सेल उघडतो, रजेच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत शून्य टाकतो, आणि १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "आपल्याकडे रजा पुढे जात नाही." यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे, आणि म्हणूनच घोळ होतो.

महाराष्ट्रात दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, आयटीवाले या सगळ्यांना २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागतो. त्याच्या कलम १८ मध्ये रजेची तीन वेगळी खाती आहेत. पहिली किरकोळ रजा, म्हणजे आपली सीएल, वर्षाला ८, आणि ही खरंच ३१ डिसेंबरला संपते. दुसरी अर्जित रजा, ईएल म्हणा नाहीतर पीएल म्हणा, गेल्या वर्षात २४० किंवा जास्त दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे १ दिवस, आणि ही संपत नाही, ४५ दिवसांपर्यंत साठते. तिसऱ्या सणावाराच्या ८ पगारी सुट्ट्या. आता तुमच्या शीटमध्ये या तिन्हींसाठी मिळून एकच "लीव्ह" असा कॉलम असेल तर पुढचं सगळं चुकणारच.

आकडे घालून बघा. काउंटरवरच्या माणसाने २०२५ मध्ये ३०० दिवस काम केलं, म्हणजे २०२६ साठी त्याच्या नावावर १५ ईएल. आधीच्या ३८ शिल्लक होत्या, झाल्या ५३. मालक म्हणणार, मर्यादा ४५ ची आहे ना, मग वरच्या ८ गेल्या. एवढं सोपं नाहीये. त्याने १५ दिवस आधी अर्ज केला होता आणि तुम्ही "आत्ता सीझन आहे, दिवाळीनंतर बघू" म्हणून परत पाठवला, तर त्या ८ दिवसांचे पैसे मागायचा हक्क त्याला आहे. आणि ही परतवापरतवी नेहमी तोंडी होते, काउंटरवर उभ्या उभ्या, त्यामुळे नंतर तो म्हणतो मी अर्ज दिलेला, तुम्ही म्हणता दिलाच नाही, आणि कागद कोणाकडेच नसतो. माझं स्पष्ट मत आहे, रजा नाकारायची तर मेलवर किंवा निदान व्हॉट्सअपवर तरी नाकारा, तारखेसकट. लेखी नकार दिला की मालक अडकतो असं लोकांना वाटतं, पण लेखी नसलं की जास्त अडकतो.

प्रोबेशनची गंमत वेगळीच. "सहा महिने कन्फर्म होईपर्यंत एकही रजा नाही" हे वाक्य किती अपॉइंटमेंट लेटरमध्ये आहे विचारू नका. सीएल कायद्याने प्रत्येक कामगाराला आहे आणि ती दर तिमाहीला खात्यात जमा व्हायची असते, म्हणजे दोन-दोन. कन्फर्मेशनशी तिचा काही संबंध नाही. ईएलला मात्र २४० दिवसांची अट आहे आणि ती कॅलेंडर वर्षावर मोजतात, त्यामुळे जुलैत लागलेल्या माणसाचे त्या वर्षात २४० होणारच नाहीत. तुम्हाला स्वखुशीने द्यायची तर द्या की, कायदा फक्त किमान सांगतो.

सणांच्या सुट्ट्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. बाकीच्या चार वर्ष सुरू व्हायच्या आधी कामगारांशी बोलून ठरवायच्या असतात, मालकाने एकट्याने यादी छापून भिंतीवर डकवायची नसते. आणि त्या दिवशी दुकान चालू ठेवून माणसाला बोलावलं तर दुप्पट पगार पण द्यायचा आणि बदली सुट्टी पण. इथे रिटेल आणि हॉटेलवाले हमखास चुकतात, कोणी दुप्पट देऊन मोकळा होतो, कोणी नुसती बदली देतो. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर तिची बदली दोन महिन्यांच्या आत द्यायची. "लिहून ठेव, नंतर घे" याला अर्थ नाही.

पॉलिसी नेटवरून उचलणं हा अजून एक प्रकार. पुण्यातल्या एका ऑफिसची पॉलिसी वाचली, १५ दिवस प्रिव्हिलेज आणि १२ दिवस सिक-कॅज्युअल, कागद देखणा, फक्त हिशोब दिल्लीच्या कायद्याचा होता. महाराष्ट्राच्या कायद्यात सिक लीव्ह म्हणून वेगळं खातंच नाहीये. द्यायला हरकत नाही, पण ती दिली म्हणून ईएल पुढे नेणं बंद करता येत नाही.

मॅटर्निटीवर मात्र जरा थांबतो, कारण इथली चूक महागात पडते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी, आणि अट फक्त आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं एवढीच. वर्ष पूर्ण झालं नाही म्हणून नाकारणारे आजही भेटतात. कॉन्ट्रॅक्टवर आहे, टेम्पररी आहे, हे पण चालत नाही, मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० सालीच सांगितलंय. बाई ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असेल तर पैसे ईएसआयसी देतं, पण रजा तुम्हालाच द्यायची आणि त्या काळात काढून टाकायचं नाही. आणि सगळ्यात न दिसणारी चूक पुढच्या जानेवारीत होते : ती परत कामावर येते, अकाउंटवाला हजेरी मोजतो, १५० दिवस भरतात, आणि तो म्हणतो २४० नाहीत म्हणून मॅडमना ईएल शून्य. अहो, २६ आठवड्यांपर्यंतची मॅटर्निटी २४० मोजताना कामाचे दिवस म्हणूनच धरायची. १५० अधिक १८२, अट कधीच पूर्ण झाली.

मतदानाची सुट्टी लोक गंमत समजतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी ती पगारी असते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. दंड ५०० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी मनावर घेत नाही, ते सोडा.

सगळ्यांना "असोसिएट मॅनेजर" करून टाकणारे हुशार लोक पण आहेत. मॅनेजर लोक या कायद्याच्या बाहेर आहेत हे खरं, पण बघतात काम, व्हिजिटिंग कार्ड नाही. दिवसभर बिलं फाडणारा माणूस मॅनेजर होत नाही.

आता "आम्ही छोटे, आम्हाला लागू नाही" वाले. मूळ कायदा १० किंवा जास्त कामगारांना लागायचा, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो आकडा २० वर न्यायला मंजुरी दिली. पण त्यावर खूश होऊन रजा बंद करू नका, मॅटर्निटी आणि मतदानाचे कायदे वेगळे आहेत. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात. तुमचा कारखाना असेल तर तिथे ईएलची अट २४० वरून १८० दिवसांवर आलीये. आणि त्यातल्याच वेतन संहितेप्रमाणे माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, "फुल अँड फायनल (म्हणजे शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी" हे जुनं वाक्य लेटरमधून खोडून टाका. कुठे कुठला नियम वरचढ हे तुमच्या लेबर कन्सल्टंटला एकदा नीट बसवून विचारा, फोनवर नको.

आणि शून्य आधीच टाकून झालं असेल तर? मस्टर किंवा बायोमेट्रिकवरून वर्षागणिक दिवस काढा, २० ने भागा, घेतलेल्या रजा वजा करा, तीन खाती वेगळी करा आणि येणारी शिल्लक प्रत्येकाला दाखवून सही घ्या. एखाद-दुसरा वाद निघेल, तिथे हजेरीचा कागद समोर ठेवून बोला, कागद नसेल तर माणसाचं ऐका. फक्त हे सुरू करायच्या आधी अकाउंटवाल्याला सांगा, जुन्या फाइलची कॉपी बाजूला काढून ठेव, त्याच फाइलवर सेव्ह मारू नको.