९९०० एमएएचचा सेल काट्यावर ठेवला तेव्हा

टॉर्चबरोबर आलेल्या रिचार्जेबल लिथियम सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलं होतं, पण उजेड अर्ध्या तासातच मंदावायचा. दुसरा सेल टाकल्यावर टॉर्च ठणठणीत चालला, म्हणजे घोळ सेलचाच. डिजिटल काट्यावर ठेवला तर जेमतेम ३० ग्रॅम! या १८६५० आकाराचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरने उरलीसुरली अब्रूही काढली: हजाराच्या आसपास. या आकारात ३५००च्या फार पुढे काही मावतच नाही, त्यामुळे ९९०० वगैरे दिसलं की पुढे वाचायचंही नाही.

नवा सेल नामांकित कंपनीचा, प्रोटेक्शन सर्किटवाला (जास्त चार्ज किंवा शॉर्ट झाला तर वीज तोडणारा) घेतला. सर्किटमुळे त्याची लांबी ६५ मिमीऐवजी ६९च्या आसपास जाते, म्हणून टॉर्चची नळी आधी मोजली. टॉर्च किती अँपिअर ओढतो आणि सेल सलग किती देतो हेही जुळवलं. एमएएचच्या नादात हे कुणी बघतच नाही. चार्जर ४.२ व्होल्टला, म्हणजे असा सेल पूर्ण भरला की, थांबतो, हे मल्टिमीटरने तपासून घेतलं.

जुना सेल ई-कचऱ्यात दिला. त्याचं वेष्टन धन टोकाजवळ फाटलं होतं, आणि तिथे आतला सगळा डबा ऋण असतो. धन टोक आणि डबा दोन्हींना धातूचं काही टेकलं की थेट शॉर्ट.