इंग्रजीच्या पेपरात मार्क कुठे गळतात? घरच्या या चुका टाळा

सहामाहीचे पेपर दाखवून झाले की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत घराघरांतून एकच सूर निघतो: "इंग्रजीत एवढेच?" मग ट्यूशनची शोधाशोध. पेपर मात्र कुणी नीट बघितलेला नसतो. मी संध्याकाळी घरी मुलांना इंग्रजी शिकवते. नवं मूल आलं की त्याच्या आईला म्हणते, मार्क राहू देत, लाल शाई कुठे पडलीय ते आधी बघू. चूक कुठल्या जातीची आहे हे कळल्याशिवाय औषध द्यायचं कसं?

आपल्याकडची अडचण थोडी वेगळीही आहे. मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय असतो. पाचवीत गेलं की इतिहास, विज्ञान, गणित सगळंच इंग्रजीत. 'हिचं इंग्रजी कच्चं आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते मूल धड्याचा अर्थ मराठीत लावून, उत्तर मराठीत जुळवून, मग ते इंग्रजीत उतरवत असतं. एवढी कसरत करून पस्तीस मार्क मिळवणारं मूल मठ्ठ नसतं.

घरात मराठी बंद करणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मुलगी पाचवीत गेली तेव्हा मी फर्मान काढलं, आजपासून जेवताना फक्त इंग्रजी. पहिले दोन दिवस 'पास द राइस' चाललं. तिसऱ्या दिवसापासून ती गप्प. शाळेत काय झालं, मैत्रीण का रुसली, काही म्हणजे काही नाही. महिनाभराने सासूबाईच म्हणाल्या, "अगो, भाषा शिकवतेस की मुलीचं तोंड शिवतेस?" दुसऱ्या दिवशी फर्मान मागे घेतलं.

मराठी बाजूला सारण्यापेक्षा तिलाच कामाला लावा. मुलांच्या निम्म्या चुका मुळात निष्काळजीपणाच्या नसतात. त्या मराठीचे नियम इंग्रजीत वापरल्याने होतात. दोन वाक्यं शेजारी ठेवली की मुलाला स्वतःलाच फरक दिसतो.

'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' मराठीत जरी आणि तरी दोन्ही लागतात, म्हणून मूल 'ऑलदो'च्या जोडीला 'बट' बसवतं. इंग्रजीत दोघांतला एकच चालतो. 'मी इथे चार वर्षांपासून राहतो'चं ते 'आय लिव्ह हिअर सिन्स फोर इयर्स' करतं, कारण आपल्याला एकच 'पासून' पुरतो. तिथे कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', आणि क्रियापदही बदलतं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फोर इयर्स'. सगळ्यात जास्त मार्क खाते ती 'इनडायरेक्ट स्पीच'. 'बाबा म्हणाले की मी उद्या येतो' हे मराठीत अगदी बरोबर आहे. 'की'नंतरही बाबांचा 'मी' आणि 'उद्या' जागेवरून हलत नाहीत. इंग्रजीत मात्र 'आय'चा 'ही' होतो, 'विल'चा 'वुड' आणि 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे'. नियमांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी मुलाला एवढंच सांगा, की मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो आणि इंग्रज ते आपल्या जागेवरून सांगतो. तक्ता मग लवकर पाठ होतो.

एका ठिकाणी तर आपली देवनागरी चक्क तारून नेते. 'अ' की 'ॲन' अशी शंका आली की पुढचा शब्द देवनागरीत लिहायला सांगा. पहिलं अक्षर स्वर असेल तर बहुतेक वेळा 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर', इंग्रजी स्पेलिंगमध्ये पुढे 'एच' असला तरी. 'युनिव्हर्सिटी'त पहिला 'य', म्हणून 'अ'. 'एमएलए'ला 'ॲन'. आमच्या आमदारांवर वाक्यं करायला पोरांना भलतीच मजा येते.

गाइडमधला निबंध पाठ करून घेणं

आठवीतल्या एका मुलाने दिवाळीवर निबंध लिहून आणला. दिवे, फटाके, रामाचं अयोध्येत परतणं, शेवटी प्रदूषण. मी विचारलं, "पुता, चतुर्दशीच्या आदल्या रात्री तू कुठे होतास?" "नरकासुराकडे." मग दहा मिनिटं तो थांबेना. बांबूचा सांगाडा, आत कोंबलेलं सुकं गवत, डोळ्यांत लावलेले लाल दिवे, त्यातला एक ऐन वेळी विझला म्हणून झालेली धावपळ, पहाटे नरकासुराला लावलेली आग आणि घरी येऊन खाल्लेले ताकातले फोव, म्हणजे पोहे. हे सगळं त्याने मराठीत सांगितलं. त्यातली आठ वाक्यं आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत केली, साधी, भूतकाळातली. नरकासुर हा शब्द तसाच ठेवला आणि तो काय ते एका वाक्यात सांगितलं. पाठ केलेल्या निबंधात मधली एक ओळ विसरली की पुढचं सगळं ढासळतं. त्या रात्रीचं तसं होणार नव्हतं, आणि विषय 'माझा आवडता सण' असो की 'न विसरता येणारी रात्र', तेच साहित्य उपयोगी पडतं.

पत्राचं मात्र उलट. तिथे साचा पाठच हवा: पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी सरपंचांना पत्र लिहा म्हटलं की विषयाची ओळ हमखास राहते. प्रश्नात नाव दिलेलं असताना मुलं स्वतःचं नाव घालतात, तेही बघा.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत एक बारीक गळती असते. 'व्हॉट डिड ही सी?' असं विचारलं की मूल 'ही सी' किंवा 'ही डिड सी' लिहितं. प्रश्नातला 'डिड' उत्तरात क्रियापदाच्या पोटात जातो: 'ही सॉ'. हे चार-पाच वेळा तोंडी करून घेतलं तरी बसतं. प्रश्न आधी वाचून मग उतारा वाचायची सवयही लावा.

वाचन म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक

महिन्यातून एकदा मुलांना घेऊन पणजीची बस पकडा. बसस्टँडवरून पाटोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चालत जाता येतं. संस्था 1832 सालची, मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पुस्तक मुलालाच निवडू द्या, इयत्तेपेक्षा सोपं निवडलं तरी हरकत नाही. पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या ठेवून द्यावं, हा माझा अंदाजपंचे नियम. आणि 'याचा अर्थ सांग, त्याचा अर्थ सांग' म्हणून मागे लागू नका.

अक्षराबद्दल फार बोलत नाही. वाचता आलं की पुरे.

पेपरच्या आदल्या रात्री नवं काहीही काढू नका. जुन्या पेपरांतून मुलाच्या स्वतःच्या नेहमीच्या तीन चुका निवडून ठेवा. माझ्या मुलीच्या होत्या: 'ही' आणि 'शी'नंतर क्रियापदाचा 'एस', 'ऑलदो'मागून येणारा 'बट', आणि गोष्ट लिहिताना मध्येच वर्तमानकाळात शिरणं. शेवटची दहा मिनिटं ती पेपर तीनदा चाळायची, एका वेळी एकच चूक शोधत. दहावीच्या वेळी विचारलं, तर म्हणाली, "आई, 'बट' सापडलाच नाही. दोन 'एस' मात्र धरले."