रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या: कोणत्या पुनर्भरणासाठी ठेवाव्यात आणि कोणत्या मोडीत घालाव्यात

गोळी सुटली की काडतुसातील दारू जळून जाते, ती पेटवणारी बुडातली टोपी म्हणजे प्राइमर निकामी होतो आणि शिशाची गोळी लक्ष्यामागच्या मातीत रुतते. मागे उरते ती पितळी पुंगळी, आणि काडतूस तयार करताना सर्वांत अधिक घडाई तिच्यावरच खर्च झालेली असते. जगात अनेक ठिकाणी नेमबाज हीच पुंगळी पुन्हा भरून वापरतात. नाशिकच्या क्लबांमधूनही सरावाचा खर्च वाढला की हा विषय निघतो, पण बहुतेक वेळा चर्चा दारू किती घालायची इथपासूनच सुरू होते. माझ्या मते ती उलट्या टोकाने सुरू होते. पुनर्भरणाचे यश आणि सुरक्षितता पुंगळीच्या निवडीवर ठरते, म्हणून या लेखात पुंगळी उचलण्यापासून ती छाटून, धुऊन आणि नोंदवून ठेवण्यापर्यंतचीच कामे सांगितली आहेत. प्रत्यक्ष भरणे हे परवानाधारकाचे काम असून त्यासाठी दारूच्या उत्पादकाने छापलेले भरणाचे तक्तेच प्रमाण मानावेत.

कायद्याची बाजू आधी पाहावी. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांबरोबरच त्यांचे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. रिकाम्या पुंगळीत नवा प्राइमर, दारू आणि गोळी बसवणे म्हणजे काडतूस तयार करणेच होय, त्यामुळे ‘घरी चारच भरली’ ही सबब चालत नाही. स्वतःच्या पिस्तुलाचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. दारूसाठी स्फोटकांविषयीचे वेगळे नियम लागू होतात आणि त्यांचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. नाशिक शहरात शस्त्र परवान्याविषयीची लेखी विचारणा पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. लेखी उत्तर हाती येईपर्यंत पुंगळ्या क्लबच्या ताब्यात, कुलपात ठेवाव्यात. त्या कोणीही पिशवीत घालून घरी नेऊ नयेत.

आता कोणत्या पुंगळ्या कामाच्या, ते पाहू. दहा मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तुलाला काडतूसच नसते, त्यामुळे तिथे उचलायचे काही नाही. पन्नास मीटरच्या रायफलच्या आणि पंचवीस मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाच्या जागी जमिनीवर जो पितळी सडा पडतो तो पॉइंट २२ चा (म्हणजे नळीच्या ०.२२ इंच मापाचा) असतो, आणि तो सगळा मोडीचा माल आहे. या काडतुसाला स्वतंत्र प्राइमर नसतो. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेले असते आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा चेपलेला काठ पूर्ववत होत नाही. बारा बोअरच्या काडतुसांचे प्लॅस्टिकचे नळकांडे परदेशात भरले जाते, पण त्याची साधने आणि तपासणी पूर्ण वेगळी असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही. उरतात ती मध्यभागी प्राइमर असलेली सेंटरफायर काडतुसे. आपल्याकडील नागरी रेंजवर ती प्रामुख्याने पॉइंट ३२ ची आणि क्वचित पॉइंट ३१५ रायफलची असतात.

पॉइंट ३२ मध्ये मात्र एक ठळक घोळ आहे. रिव्हॉल्व्हरसाठीचे ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ आणि पिस्तुलासाठीचे ‘एसीपी’ (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) या दोघांनाही बोलताना नुसते ‘बत्तीस’ म्हटले जाते आणि दोघांच्या पुंगळ्या एकाच डब्यात पडतात. लाँगची पुंगळी सुमारे २३.४ मिलिमीटर लांब असते आणि तिच्या बुडाचा काठ स्पष्टपणे बाहेर आलेला असतो. एसीपीची पुंगळी जेमतेम १७.३ मिलिमीटर भरते, तिच्या बुडाच्या वर एक खाच असते आणि काठ किंचितच बाहेर डोकावतो. दोन्ही टेबलावर शेजारी उभ्या केल्या की फरक लगेच दिसतो, परंतु ढिगातून पन्नास एक निवडताना डोळा फसतो. म्हणून मिलिमीटरचा अंशही मोजणारा व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवावा. सेंटरफायर स्पर्धेची पिस्तुले बहुधा लाँगच वापरतात, पण ती स्वयंभरित असल्याने पुंगळी जोरात बाहेर फेकतात आणि तिचे तोंड फरशीवर आपटून चेपते. सौम्य चेपलेले तोंड पुढे, भरण्यापूर्वी पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यात सरळ होते. घडी पडून कड मोडली असेल तर ती पुंगळी बाजूला काढावी.

पुंगळीच्या बुडावरील ठसा वाचण्याची सवय लावावी. ‘केएफ’ हा ठसा खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, तर ‘ओएफव्ही’ हा जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुधनिर्माणीचा. ठशावरून कारखाना कळतो, आणि काही ठशांवर वर्षही असते, मात्र ती पुंगळी किती वेळा झाडली गेली हे त्यावरून कळत नाही. नऊ मिलिमीटरच्या किंवा लष्करी रायफलच्या पुंगळ्या सापडल्यास त्या पोलीस वा लष्कराच्या सरावातील मानून रेंजच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे द्याव्यात, कारण त्या सरावानंतर मोजून जमा करायच्या असतात. देवळालीच्या तोफखाना सराव क्षेत्राचा विचारही या संदर्भात करू नये. तिथे जमिनीत न फुटलेला गोळा असू शकतो आणि भंगाराच्या लोभापायी अशा ठिकाणी हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

गोळा करण्याचा नियम सोपा आहे: ज्याने झाडली त्यानेच उचलावी, आणि ज्या काडतुसाच्या डब्यातून ती निघाली त्याच डब्यात परत ठेवावी. यामागचे कारण पुंगळीच्या इतिहासाचे आहे. स्वतः नव्या डब्यातून काढून झाडलेली पुंगळी एकदाच वापरलेली आहे याची खात्री असते. जमिनीवरून वेचलेली पुंगळी एकदा की पाचदा वापरली गेली हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. उचलण्यापूर्वी रेंज ऑफिसरने गोळीबार थांबल्याची घोषणा केलेली असावी, शस्त्रे रिकामी व उघडी असावीत, हे पुन्हा सांगण्याची गरज नसावी. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पिन लागूनही न सुटलेले काडतूस रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात कधीही टाकू नये. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे, मग काडतूस काढून रेंज ऑफिसरच्या स्वाधीन करावे.

तपासणीला भरपूर उजेड, एक चुंबक, एक छोटी बॅटरी आणि बारीक तारेचा आकडा पुरतो. प्रथम चुंबक फिरवावा. चिकटेल ती पुंगळी पोलादी. ती बाजूला काढावी. ॲल्युमिनियमची पुंगळी चुंबकाला लागत नाही, पण रंगाने आणि हलकेपणाने ओळखू येते. तीही एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. नंतर बॅटरीच्या उजेडात तोंडातून आत बघावे. बुडाच्या मध्यभागी एकच भोक दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी. जुना प्राइमर त्या भोकातून पिन घालून सरळ बाहेर ढकलता येतो. मध्यभागी उंचवटा आणि त्याच्या बाजूंना दोन बारीक भोके दिसली तर ती बर्डान पद्धतीची. तिचा प्राइमर असा ढकलता येत नाही आणि जोर केला तर साच्याची पिन मोडते. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली, तर अमेरिकन बर्डानची पद्धत युरोपात.

त्यानंतर तोंडापासून खाली येणारी उभी चीर शोधावी. ती केसाइतकी बारीक असते, म्हणून पुंगळी बोटांत फिरवताना नख कडेवरून हलके ओढावे. चीर असेल तिथे नख अडते. दोन पुंगळ्या हातात खुळखुळवून पाहण्याची पद्धतही जुनी आहे: शाबूत पितळ खणखणीत वाजते, चिरलेले बोदे वाजते. दर वेळी झाडताना आणि साच्यात दाबताना पितळ कडक होत जाते आणि तोंडच आधी दगा देते. निकेलचा मुलामा असलेल्या पांढऱ्या पुंगळ्या दिसायला सुरेख असतात, पण त्यांची तोंडे तुलनेने लवकर चिरतात.

रायफलच्या पुंगळीचा खरा धोका मात्र तोंडाशी नसून बुडाजवळ असतो. पॉइंट ३१५ ची भारतीय रायफल ली-एनफिल्ड पद्धतीच्या बोल्टवर (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर) बांधलेली आहे. या बोल्टची कुलपे मागच्या बाजूस असतात आणि काडतूस बसते ती पोकळी, म्हणजे चेंबरही सैलसर असते, त्यामुळे प्रत्येक फैरीत पुंगळीची भिंत बुडाच्या थोडी वर ताणली जाऊन पातळ होते. बाहेरून तिथे एक चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसू लागते. तारेचे टोक काटकोनात वाकवून, अणकुचीदार करून ते आतून बुडापासून वर ओढावे. भिंत पातळ झाली असेल तिथे टोक खाचेत अडखळते. अशी पुंगळी पुन्हा भरल्यास दोन तुकडे होऊन तप्त वायू बोल्टकडे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. येथे शंकेचा फायदा पुंगळीला देऊ नये. प्राइमरभोवती काळी काजळी दिसल्यासही त्याचा खळगा सैल झाला असे समजून ती पुंगळी बाद करावी.

स्वच्छतेबाबत आपल्याकडे एक मोह होतो, कारण भांडी बाजार असलेल्या गावात पितळ घासणे कोणाला शिकवावे लागत नाही. तत्त्व तेच आहे: चिंच जे करते ते सौम्य आम्ल करते. कोमट पाण्यात चिमूटभर लिंबूफूल आणि भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब घालून पुंगळ्या काही मिनिटेच ठेवाव्यात, चांगल्या खळबळाव्यात आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवाव्यात. पितळ गुलाबी दिसू लागले तर जस्त निघून जाऊ लागले आहे, म्हणजे जास्त वेळ झाला. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, आणि त्या जस्ताशिवाय त्याला ताकद नाही.

अमोनियायुक्त पॉलिश कटाक्षाने टाळावे. इंग्रजी अमलात भारतातील लष्करी तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप चिरत असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांच्यामुळे ताणाखालचे पितळ तडकते, हे कारण १९२१ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा गोठ्याला लागून असलेली खोली किंवा अमोनियायुक्त द्रवांचा साठा असलेले कपाट पुंगळ्यांसाठी वापरू नये. धुतलेल्या पुंगळ्या उन्हात कापडावर पसरून सुकवाव्यात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस द्यावेत. झटपट सुकवण्यासाठी त्या गॅसवर धरणे घातक आहे, कारण बुडाचे पितळ तापून मऊ झाले की ते दाब पेलत नाही.

प्राइमरच्या काजळीत शिसे असते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात, घरच्या पातेल्यात किंवा मुलांच्या आसपास करू नये, हातमोजे घालावेत, काम चालू असताना चहा-तंबाखू टाळावी आणि शेवटी हात साबणाने थंड पाण्यात धुवावेत. धुण्याचे पाणी परसातल्या भाजीला घालू नये. कोरडी झाडलोट न करता ओल्या फडक्याने टेबल पुसावे.

निवडलेल्या पुंगळ्या जातीनुसार व ठशानुसार वेगळ्या डब्यांत ठेवून प्रत्येक डब्यावर प्रकार, ठसा, किती वेळा झाडल्या आणि तपासणाऱ्याची सही लिहावी. एका डब्यातील एक पुंगळी चिरली की त्या डब्यातील सगळ्या पुन्हा तपासाव्यात. बाद मालासाठी स्वतंत्र डबा असावा, आणि मोडीत देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पुंगळीचे तोंड पकडीने चेपावे, म्हणजे ती परत कोणी भरू शकणार नाही आणि चेपताना एखादे जिवंत काडतूस राहिले असेल तर तेही नजरेस पडेल. मोडीच्या व्यापाऱ्याकडून वजनाची पावती घेऊन ती क्लबच्या नोंदवहीत चिकटवावी आणि त्या नोंदीखाली सचिव व रेंज ऑफिसर या दोघांच्या सह्या असाव्यात.