प्रोग्रॅमिंग भाषेचा वाद काट्यावर कसा घ्यावा

जळगावातील आमच्या लहानशा कार्यालयात आम्ही सहा जण रावेर-यावल पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. नवे काम आले की ते कोणत्या भाषेत करायचे यावर चहा गार होईपर्यंत वाद होतो, आणि पूर्वी तो हमखास "ती भाषा मुळातच चुकीची रचलेली आहे" या वाक्यापाशी येऊन अडत असे. असा वाद निकाली काढण्याची जी रीत आमच्याकडे हळूहळू बसली, ती येथे मांडतो.

सर्वप्रथम, तक्रार करणाऱ्याला विशेषणे सोडून चार ओळींचा कोड लिहायला लावावा. आमच्याकडे काटापावतीवरील वजन फॉर्ममधून मजकूर म्हणून येत होते. एका पावतीचे १२ क्विंटल असे मजकुराच्या रूपात आले आणि त्यात ८ ही संख्या मिळवायची होती. जावास्क्रिप्टने दोन्ही शेजारी चिकटवून १२८ केले, पुढे त्याला मुकाट्याने भावाने गुणले, आणि २० क्विंटलच्या मालाचे बिल १२८ क्विंटलचे निघाले. गंमत म्हणजे त्याच दोहोंची वजाबाकी केली असती, तर हीच भाषा बरोबर ४ देते. पायथॉनमध्ये तीच बेरीज चालवली, तेव्हा प्रकार जुळत नाहीत असे सांगून प्रोग्रॅम तेथेच थांबला. बेरजेचे चल संख्या म्हणून घोषित केले असते, तर टाइपस्क्रिप्टने, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच प्रकारांची तपासणी जोडणाऱ्या भाषेने, कोड चालण्याआधीच चूक दाखवली असती.

असा कोड समोर आला की एकच प्रश्न विचारावा : ही चूक कोणाला आणि केव्हा सापडते? लिहिणाऱ्याला लिहितानाच, चाचणीच्या वेळी, की व्यापाऱ्याला बिल हातात पडल्यावर? त्यासोबत उलट बाजूचा खर्चही मांडावा. रस्ट या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणारा प्रोग्रॅम, मेमरीच्या मालकीचे (कोणती माहिती कोणाच्या ताब्यात आणि कधीपर्यंत, याचे) नियम मोडणारा कोड स्वीकारतच नाही, हे खरे. पण ते नियम अंगवळणी पडेपर्यंत नव्या मुलाचे कित्येक दिवस जातात, आणि आमच्या बिलांना त्या काटेकोरपणाची गरज नसते.

तक्रार खरोखर त्या भाषेचीच आहे का, हेही तपासावे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हा टोमणा जावास्क्रिप्टला हमखास बसतो. प्रत्यक्षात पायथॉनमध्येही तेच होते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मावत नाहीत. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली की हा मुद्दा वादातून गळतो. कोडचे गट दाखवायला कंस हवेत की समासाची जागा पुरे, हा तर निव्वळ सवयीचा प्रश्न आहे. त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

एखादी रचना चुकीची वाटली, तर ती तशी का झाली हे शोधल्याने आवाज बराच खाली येतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी 'नल' (येथे काहीच नाही, असे सांगणारा संदर्भ) आणले ते राबवायला सोपे होते म्हणून, आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. सुधारणाही फुकट होत नाही. पायथॉन २ मध्ये ७ भागिले २ केले की ३ येत असे, म्हणजे दोन भागीदारांत ७ क्विंटल वाटताना प्रत्येकाचा अर्धा क्विंटल गायब. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने उत्तर ३.५ केले, ते योग्यच होते. मात्र जुना कोड हलवायला लोकांना इतका वेळ लागला की पायथॉन २ चा आधार २०२० उजाडेपर्यंत चालू ठेवावा लागला. त्यामुळे "हे सरळ दुरुस्त का करत नाहीत?" असे विचारणाऱ्याला मी आधी त्याचा स्वतःचा पाच वर्षांपूर्वीचा कोड उघडायला सांगतो.

शेवटी निर्णय कागदावर लिहावा, आणि त्यात निवडलेल्या भाषेच्या गुणांपेक्षा तिचा कोणता दोष आपण जाणूनबुजून पत्करला हे नोंदवावे. आम्ही फॉर्मसाठी टाइपस्क्रिप्ट आणि रात्रीच्या अहवालांसाठी पायथॉन ठरवले. पहिल्या चाचण्या लिहिण्याचे काम मात्र वादात हरलेल्यांकडे द्यावे. ती भाषा नेमकी कोठे दगा देईल, हे त्यांना सर्वांत चांगले ठाऊक असते.