सेंद्रिय की रासायनिक? आपल्याच शेतात पट्टे पाडून पाहा

सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचा वाद निघाला की मी एकच विचारतो: दोन्ही एकाच शेतात, शेजारी शेजारी करून पाहिलंत का? दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या दोन वेगळ्या जमिनींची तुलना मला पटत नाही.

एकसारख्या मातीचा तुकडा निवडा. त्याचे सेंद्रिय, रासायनिक, सेंद्रिय, रासायनिक असे आलटूनपालटून किमान सहा पट्टे पाडा. जमीन उताराची असेल, तर प्रत्येक पट्ट्याला वरची आणि खालची दोन्ही माती मिळू द्या. वाण, पेरणीचा दिवस आणि पाणी सगळीकडे सारखंच हवं.

खरी मेख खतात आहे. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे ५० किलो युरियात २३ किलो. शेणखतात ते साधारण अर्धा टक्का. तेवढ्याच नत्राला साडेचार टनांहून जास्त शेणखत लागतं आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं. चार पाट्या खत टाकून ‘सेंद्रियाने उतारा (उत्पादन) येत नाही’ म्हणणं हा त्या पद्धतीवर अन्याय आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हावर शेणखत आणि रासायनिक खत यांच्या तुलनेचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणारा पट्टा रासायनिक खताच्या पट्ट्यांना तोडीस तोड उतरला आणि त्याच्या मातीतला कर्बही (कार्बन) खूप वाढला. पण ३५ टन! एवढं खत आणायचं कुठून, हा प्रश्न सेंद्रियवाल्यांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. माझ्या मते उत्तर पिकांच्या फेरपालटात आहे: हंगामाआड द्विदल (कडधान्याचं) पीक घ्या, हिरवळीच्या खताचं पीक फुलोऱ्यात असतानाच जमिनीत गाडा.

रासायनिक पट्ट्यालाही न्याय द्या. माती परीक्षणानुसार मात्रा ठरवा, नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, पिकाचे अवशेष जाळू नका.

कीड-रोगांकडे रोज लक्ष ठेवा. सेंद्रिय म्हणजे काहीच न करणं नव्हे. आणि सेंद्रियात चालतं ते सगळं निरुपद्रवी असतं, असंही नाही. तांब्याची बुरशीनाशकं सेंद्रियातही चालतात, पण तांबं मातीत साठत जातं. फवारा शेजारच्या पट्ट्यावर उडतोच, म्हणून वजन करताना काठाच्या ओळी सोडा, फक्त मधल्या ओळी मोजा.

वहीत उताऱ्याइतकीच मजुरी लिहा. सेंद्रिय पट्ट्यात खुरपणीचे तास वाढतात; ते घरच्या बायकांच्या अंगावर पडतात आणि हिशेबात कुठेच दिसत नाहीत. ते दिसलेच पाहिजेत.

एका हंगामावर निकाल लावू नका. सेंद्रियाकडे वळताना पहिल्या वर्षांत उतारा बहुधा घटतो. फेरपालटाचं पूर्ण चक्र होऊ द्या आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच १५ सेंटीमीटर खोलीवरून प्रत्येक पट्ट्याची माती वेगळ्या पिशवीत भरून सेंद्रिय कर्ब तपासून घ्या.